ओरडायची पाळी

उएलेसेला शुद्ध आली तेव्हा दुपारची जेवणं आटोपली होती आणि बायका खाटांखालच्या चटया झटकत होत्या. त्यानं आधी जीभ हलवली. ती टाळ्याला चिकटलेली होती. मग चादरीखालून त्याचा हात हळूहळू पोटाकडे सरकला, पट्टीच्या कडेला लागला आणि तिथंच थांबला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. फक्त दोन्ही पायांची बोटं आत वळली आणि त्यांनी चादर घट्ट पकडली, माडावर चढताना खोड पकडावं तशी.

मी शेजारच्या खाटेवर होतो. साखरेच्या आजारानं माझा अंगठा खाल्ला होता आणि तो पाय उशीवर ठेवून मी बरेच दिवस वाचत पडलो होतो. वाचत होतो म्हणण्यापेक्षा पुस्तक तोंडापुढे धरलेलं असायचं. तेव्हा हे सगळं मी बरंचसं पानांच्या कडेवरून पाहिलेलं आहे. माझ्यापेक्षा नीट कुणी पाहिलं असेल तर त्याचं खरं धरावं.

"पाणी," उएलेसे म्हणाला.

"पाणी नाही म्हणालेत." त्याची बायको फुआतिनो चटईवरून उठली. तिनं फडकं ओलं करून त्याच्या ओठांना लावलं. त्यानं फडकंच चोखलं.

"कावड कुठाय?"

"कुठली कावड?"

"माझी. तारोची."

"राहिली वाटेवर. तू पडलास तिथंच."

"तारो?"

"डुकरांनी खाल्ला असेल. तू गप्प पड."

डोंगरावरच्या मळ्यातला तारो, म्हणजे आमच्याकडचा अळूचा मोठा कंद, त्या आठवड्यात काढायचा होता. गाडी गावात येणार होती, आणि कंद आणखी काही दिवस जमिनीत राहिले असते तर पावसानं कुजले असते. उएलेसेच्या पोटात आधीपासून दुखत होतं. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. भरलेल्या टोपल्यांची कावड खांद्यावर घेऊन तो चढउताराच्या खेपा घालत राहिला, आणि वळणावरच्या दगडाशी टेकला तो उठलाच नाही. आतड्याला पीळ पडून तेवढा तुकडा काळा झाला होता. डॉक्टरांनी छातीच्या हाडाखालपासून बेंबीला वळसा घालून खालपर्यंत पोट उघडलं, काळं काढलं आणि शिवलं.

त्याच्या पोटावर आता दोन कामं झाली होती. कमरेपासून गुडघ्यापर्यंत त्याचं अंग पेआनं भरलेलं होतं, म्हणजे आमच्याकडच्या पुरुषांचं ते दाट, काळं गोंदण. पेआ सगळा झाल्यावर शेवटी बेंबी गोंदतात, आणि तीच सगळ्यात जड जाते. डॉक्टरांचा टाका त्या नक्षीतून गेला होता. पट्टी बदलताना मी पाहिलं, एका बाजूच्या रेषा दुसऱ्या बाजूला जुळत नव्हत्या. एक पायरी वर चढल्या होत्या.

परिचारिका लोसिवाले आली. तिनं बाटलीकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, झडपांच्या खिडकीबाहेर पाहिलं. उएलेसेकडे पाहिलं नाही. ती त्याच्या मामाची मुलगी, आणि आमच्यात मामाची मुलगी म्हणजे बहीणच. बहिणीसमोर पुरुष आपल्या शरीराबद्दल बोलत नाही, आणि ती विचारत नाही. पण त्या पाळीला दुसरं कुणी नव्हतं.

"दुखतंय का?" तिनं खिडकीला विचारलं.

"बरं आहे. आभार."

"एकपासून दहापर्यंत सांगा. दहा म्हणजे सहन न होणारं."

"एक."

"एक?"

"एक."

लोसिवालेनं फुआतिनोकडे पाहिलं. "दुखणं थांबवायची सुई आहे," ती म्हणाली. "पण मागायला हवी. न मागता द्यायची नाही, असं आहे."

"कुणी मागतंय का?" उएलेसे छताला म्हणाला.

ती गेल्यावर त्याचे पाय सुरू झाले. टाच चादरीवर वर घासायची, खाली घासायची. डावा गुडघा उचलला की पोट ओढायचं, सरळ केला की टाके ताणायचे. कुशीवर वळावं म्हणून त्यानं खाटेची कड धरली आणि अर्ध्यातच थांबला. कपाळावरून घाम कानात उतरला. फुआतिनोनं उशी काढली. मग घातली. मग घडी करून गुडघ्याखाली दिली.

"आता?"

"काढ."

"आता?"

"तू बस गं एका जागी!"

ती बसली, आणि लगेच उठून पंखा त्याच्याकडे वळवायला गेली. पंख्याची मान मोडलेली होती. ती पुन्हा पुन्हा माझ्याकडेच वळायची.

सकाळी लोसिवाले आली ती दारातच उभी राहिली. तिच्या मागे दोन्ही रांगांतले लोक चहा पीत होते. अर्धे तरी आमच्या बाजूच्या गावांतले.

"वहिनी," ती फुआतिनोला म्हणाली, "त्यांना विचारा, हवा सरली का. हवा सरेपर्यंत तोंडानं काही द्यायचं नाही."

सगळे कप जागच्या जागी थांबले.

फुआतिनोनं त्याच्या कानाशी वाकून विचारलं, पण तिला हळू बोलता येत नाही. "हवा सरली का विचारतेय ती."

उएलेसेचे कान लाल झाले. "तिला सांग, पंखा बरा चाललाय."

पलीकडच्या खाटेवर कुणीतरी चहा नाकातून काढला. लोसिवाले तोंडावर हात धरून बाहेर पळाली.

पण हसण्यासारखं फार नव्हतं. तो श्वास वरच्यावर घेत होता, गळ्यापुरता. छाती हलली की पोट हलायचं, म्हणून त्यानं छाती हलवायचीच सोडून दिली होती. फुआतिनोची मावशी गावाहून खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. गोंदून झाल्यावर सुजलेलं अंग चोळून देतात तसं पोट चोळून द्यायचं तिच्या मनात होतं. तिनं चादर वर केली, हातावर तेल ओतलं, आणि लोसिवालेनं तिकडून धावत येऊन तिचं मनगट धरलं.

"अगं मावशी, टाके आहेत!"

"म्हणून तर चोळते. तुला काय कळतं, काल जन्मलेली."

तेल तिनं वाया घालवलं नाही. माझा चांगला पाय चोळून दिला.

दुपारी उएलेसेला ताप चढला. डॉक्टरांनी पाठीला नळी लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं.

"छाती भरत चाललीय," ते म्हणाले. "पोट ठीक आहे. पण तुम्ही श्वास घेत नाही, खोकत नाही, उठत नाही. कफ खाली बसतोय. उशी पोटाशी धरायची आणि जोरात खोकायचं. दुखेल. सुई घ्या आणि खोका. आज संध्याकाळपर्यंत फरक पडला नाही, तर सकाळच्या बोटीनं तुम्हाला पलीकडच्या बेटावर मोठ्या दवाखान्यात पाठवतो. इथं माझ्याकडे पुढची सोय नाही."

बोट म्हटल्यावर फुआतिनो चटईवर बसली. तिच्या भावाला असाच सकाळच्या बोटीनं नेला होता, छातीच्याच दुखण्यानं. परत आणला तो पेटीत.

"खोक," ती म्हणाली.

उएलेसे खोकला. चर्चमध्ये प्रार्थना सुरू व्हायच्या आधी लोक घसा साफ करतात, तेवढं.

"हा खोकला आहे? खोक नीट."

"खोकलो."

"सुई माग मग."

"मी पेआ घेतला तेव्हा कुणी असली सुई दिली होती का?"

"तेव्हा पोट फाडलं होतं का तुझं?"

फुआतिनो माझ्या खाटेपाशी आली. "मास्तर, तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगा त्याला."

मला असल्या गोष्टी जमत नाहीत. तरी मी पुस्तक खाली ठेवलं. "उएलेसे," मी म्हणालो, "असं आहे की, फुप्फुसांच्या तळाशी हवा गेली नाही तर…"

"मास्तर, तुमच्या अंगावर पेआ आहे?"

"नाही."

"मग वाचा."

मी पान उलटलं. ते मी आधीच वाचलेलं होतं.

पेनिआमिना आला तो उन्हं कलताना. दारातून आधी कावड आत आली, तिच्या मागे तो. सदऱ्याची सगळी बटणं लावलेली, लुंगी छातीला लागेल इतकी वर बांधलेली. तो उघड्या अंगानं कुणी पाहिलेला नाही, मळ्यातसुद्धा नाही. उएलेसेच्या मळ्याला लागून त्याचा मळा. दोघं चुलतभाऊ. पण उएलेसे त्याला नावानं हाक मारत नसे.

"काय रे अर्ध्या," उएलेसे म्हणाला. आवाज कापडासारखा विरलेला होता. "बघायला आलास?"

"कावड आणलीय. तारो गाडीत चढवला. डुकरांच्या आधी पोचलो."

"उपकार झाले."

"हां, थोडे झाले."

आमच्याकडे कुणी एकटा गोंदवून घेत नाही. जोडीला एक जण असतो, त्याला सोआ म्हणतात. एक जण चटईवर पडला की दुसरा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसतो. मग पाळी बदलते. तरुणपणी हे दोघं एकमेकांचे सोआ होते. पाठ झाली, कुल्ले झाले, मांड्या झाल्या, ज्यांनी मोठमोठे बापे रडतात ते सगळं झालं. बेंबी राहिली. पेनिआमिनाची पाळी आधी होती. गोंदायच्या दातेरी फणीवर पहिला ठोका पडला आणि तो "पुरे" म्हणाला. उठला आणि सुजलेल्या पायांनी समुद्राकडे चालत गेला. उएलेसेनं आपली बेंबी एकट्यानं गोंदवून घेतली. पेआ पुरा झाल्याच्या दिवशी रीतीप्रमाणे त्याच्या डोक्यावर अंडं फोडलं, अंगाला तेल-हळद लावली. शेजारची चटई रिकामी होती. तेव्हापासून एक पुरा आणि एक अर्धा. गावसभेत मानाचं पेय वाटायला उभं राहायचं असलं की अर्धा मागे राहतो, आणि कुणी त्याला पुढे ये म्हणत नाही.

पेनिआमिनानं कावड भिंतीला टेकवली आणि उएलेसेच्या पायांकडे पाहिलं. चेहऱ्याकडे पाहिलंच नाही.

"किती म्हणालाय हा?" त्यानं फुआतिनोला विचारलं.

"एक."

"एक?" तो हसला. मग वळून हाक मारली, "लोसी! ए लोसी! नऊ लिही."

लोसिवाले आली. "तू कोण सांगणारा?"

"मी याचा सोआ."

"होतास," उएलेसे म्हणाला.

"याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, लोसी. हा चेहऱ्यानं काही सांगत नाही. नऊला पायाची बोटं वळवतो. बघ ती. आणि दहाला…" त्यानं आपला उजवा अंगठा पुढे केला. अंगठ्याच्या मुळाशी दातांची जुनी खूण होती, अर्ध्या चंद्रासारखी. "दहाला हे. मी ओरडलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं. म्हणून मी गात होतो."

फुआतिनोनं अंगठा पाहिला. नवऱ्याकडे पाहिलं.

"बेंबीच्या वेळी कुणाचा अंगठा होता?" तिनं विचारलं.

उएलेसेच्या पायाची बोटं पुन्हा आत वळली.

लोसिवाले खिडकीकडे पाहत म्हणाली, "सोआनं मागितलं तर मागितल्यासारखंच आहे." आणि सुई आणायला गेली.

"मी मागितलेलं नाही," उएलेसे म्हणाला.

"तुला कोण देतंय? मला देतेय ती. टोचतेय फक्त तुला."

सुईनंतर थोड्या वेळानं त्याची टाच घासायची थांबली. बोटं एकेक करून सुटली. तो झोपला असं वाटलं, पण डोळे उघडे होते. तसा तो बऱ्याच वेळानं स्थिर पडला होता, आणि फुआतिनोही.

पेनिआमिनानं उशीची गुंडाळी केली. "धर पोटाशी. दोन्ही हात वरून. मी माझे हात त्यावर ठेवतो. आता खोक."

"नको."

"दुखतंय अजून?"

"कमी आहे."

"मग?"

उएलेसेनं मान वळवून दोन्ही रांगा पाहिल्या. खाटा, चटया, पंखे हलवणाऱ्या बायका. "आवाज निघेल," तो म्हणाला. इतकं हळू की मी पान उलटायचं थांबवलं.

"निघू दे."

"तुला सोपंय."

पेनिआमिनानं उशीवरचे हात काढले नाहीत. "सोपंच आहे," तो म्हणाला. "माझं काय जायचं राहिलंय? मी पुन्हा ओरडलो तर कुणाला नवल वाटणार? तू खोक. ओरडायचं मी बघतो."

"म्हणजे?"

"म्हणजे खोक रे गड्या, बोट लागायच्या आत!"

उएलेसेनं श्वास घेतला. अडखळत, पायरीपायरीनं, आणि तो पहिल्यांदाच गळ्याच्या खाली गेला. मग तो खोकला. त्याच क्षणी पेनिआमिना बोंबलला.

"अउएऽऽ! अउएऽऽ! मेलो रे!"

माझं पुस्तक पडलं. खिडकीखालची कोंबडी फडफडत रस्त्यावर गेली. पलीकडची म्हातारी उठून बसली आणि देवाचं नाव घेऊ लागली. उएलेसेच्या तोंडून काय निघालं, निघालं की नाही, कुणाला कळलं नाही.

"थुंक," पेनिआमिना म्हणाला. फुआतिनोनं भांडं पुढे केलं. "आणखी आहे. घे श्वास."

"अउएऽऽ! माझं पोट! अगं आई, माझी बेंबी!"

"तुझी बेंबी?" उएलेसे धापा टाकत म्हणाला. "तुझी बेंबी तर कोरी…" आणि त्याला हसू आलं. हसण्यानं टाके ओढले, डोळ्यांत पाणी आलं, हात उशीत रुतले. "अर्ध्या, हसवू नको. फाटेल. खरंच फाटेल."

"हसलास की तोही खोकलाच. चल, आणखी."

भांड्यात पिवळा, जाड कफ पडला. लोसिवालेनं लांबूनच पाहून मान हलवली. "आता चालवा त्यांना," ती म्हणाली. "ओसरीच्या टोकापर्यंत तरी."

बाटली टांगायच्या खांबाचं चाक अडलेलं होतं. पेनिआमिनानं भिंतीची कावड घेतली, बाटली तिच्या टोकाला अडकवली आणि कावड उभी धरली. खाटेवरून पाय खाली सोडताना उएलेसेचा रंग राखेसारखा झाला. तो बराच वेळ कडेवर बसून राहिला, पाय जमिनीला लावून, नारळ सोलायच्या खुंटावर पोट टेकल्यासारखा वाकून. मग उठला. एका बाजूला बायको, एका बाजूला कावड. पोटाशी उशी. पाऊल उचलत नव्हता, सरकवत होता. माझी खाट दाराजवळ होती म्हणून मला ओसरी दिसत होती. मी पाहत होतो हे कबूल करतो, पुस्तक अजून खालीच पडलेलं होतं.

ओसरीच्या खांबापर्यंत ते पोचले आणि पायऱ्यांवरून सेउपुले वर आले. गावाच्या वतीनं बोलायचा मान त्यांचा. खांद्यावर माशी हाकायचा गोंडा, मागे केळीच्या पानात बांधलेलं जेवण घेऊन सून.

"कोण ओरडत होतं रे?" ते म्हणाले. "रस्त्यापर्यंत ऐकू आलं. दुकानातली माणसं बाहेर आली. मी म्हटलं, गेला कुणीतरी."

सेउपुल्यांची नजर पेनिआमिनावर गेली.

"अर्ध्या, तू? पोट याचं आणि बोंब तुझी?" त्यांनी मागे वळून सुनेला, दारातल्या लोकांना, सगळ्यांनाच ऐकू जाईल असं म्हटलं, "तेव्हा एका ठोक्याला पळाला. आता दुसऱ्याचा टाका बघूनच!"

लोक हसले. पेनिआमिनाही हसला, तो नेहमी हसतो तसा. एका हातानं कावड धरून दुसऱ्या हातानं त्यानं सदरा खाली ओढला.

उएलेसे खांबाला धरून वाकलेला होता. त्याला मान वर करायला वेळ लागला.

"सेउपुले," तो म्हणाला, "तो नव्हता. मी ओरडलो."

"तू?"

"मी. दुखतंय. नऊ आहे."

पेनिआमिना त्याच्याकडे वळला. कावड हलली, बाटली डुलली.

सेउपुल्यांना हे खरं वाटलं नाही. त्यांनी दारातून माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुम्ही शेजारीच होतात. कोण ओरडलं?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी खाली पडलेल्या पुस्तकाकडे हात नेला.

"मी वाचत होतो," मी म्हणालो.

तेवढ्यात उएलेसेला आतून खोकला आला. या वेळी तो कुणी आणलेला नव्हता, आपणहून चढत आला. फुआतिनोनं उशी दाबली. पेनिआमिनानं सवयीनं श्वास घेऊन तोंड उघडलं. उएलेसेनं खांबावरचा हात सोडून त्याच्यासमोर धरला.

"पुरे," तो म्हणाला. "माझी पाळी."

आणि खोकला, आणि ओरडला. पेनिआमिनाच्या ओरडण्यासारखं ते नव्हतं. त्यात शब्द नव्हते. जाड, फाटका आवाज होता, खूप दिवस बंद असलेलं दार उघडावं तसा. कोंबडी पुन्हा रस्त्यावर गेली. सेउपुल्यांचा गोंडा खांद्यावरून घसरला. आवाज थांबला तेव्हा ओसरीवर कुणीही हसत नव्हतं.

त्या शांततेत दुसरा एक आवाज झाला. लांब, संथ, आणि कुणालाही शंका राहू नये असा.

सेउपुले समुद्राकडे पाहू लागले. सुनेनं जेवणाचं पान तोंडापुढे धरलं. फुआतिनोला मात्र हळू बोलता येत नाही.

"लोसी!" ती आत ओरडली. "ए लोसी! पंखा चालू झाला!"

आत काहीतरी धातूचं खाली पडलं, आणि लोसिवालेचं हसणं झडपांमधून बाहेर आलं. मग खाटाखाटांवरून. पेनिआमिना कावडीला धरून खाली बसत चालला, बाटली त्याच्याबरोबर खाली येऊ लागली, आणि नळीतून लाल रक्त वर चढायला लागलं.

"वर धर, वर धर ती!" उएलेसे उशी आवळून, डोळे मिटून, हसू दाबत म्हणाला. "पेनी, हसवू नकोस रे."

पेनिआमिनानं कावड उंच धरली.